खोट सापडत नाही

खोटं बोलून पोट भरणारी माणसं जगात कमी नाहीत, पण तसं नेमणूकपत्रावर लिहून मिळालेल्या वहिनी एकट्याच असाव्यात.

वेधशाळेची ती अवाढव्य थाळी आकाशातून येणाऱ्या क्षणभंगुर रेडिओलहरी टिपायची. कुठे एखादा तारा फुटायचा, कुठे वर्षानुवर्षं मेलेला म्हणून सोडून दिलेला तारा अचानक उचकी द्यायचा, आणि पुन्हा सगळं सामसूम. एकदा गेलं की गेलं, परत बोलवायची सोय नाही. त्यातून जमिनीवरची कुठलीही भिकार वस्तू हुबेहूब तसंच सोंग आणायची. वेल्डिंगची ठिणगी, विमानाचं रडार, एकदा तर फाटकाची बिघडलेली मोटर. म्हणून पाळीवरच्या माणसांनी डोळ्यांत तेल घालून बसावं यासाठी वहिनी अधूनमधून, कुणालाही न सांगता, यंत्रात एक बनावट लहर सोडायच्या. तिला सगळे चकवा म्हणत. चकवा वरून अस्सल आकाशातला, पण आत कुठेतरी जमिनीची एक खोट दडवलेली. खोट शोधली तर पाळी जिंकली. न शोधता पाळीप्रमुखाने लाल झाकणाखालची कळ दाबली, तर हरली. ती कळ म्हणजे जगभरच्या दुर्बिणींना मारलेली हाक: हातातलं काम टाका आणि इकडे बघा. चकव्यासाठी मारलेली हाक दारातच अडायची आणि पडद्यावर ठळक अक्षरं यायची: ‘चकवा होता’. मग जेवणघरात आठवडाभर त्या माणसाची खैर नसायची.

नियम एकच आणि कडक. कळ दाबली जाईपर्यंत, किंवा पाळीने ‘हे आकाशातलं नाही’ असं जाहीर करेपर्यंत, वहिनींनी तोंड उघडायचं नाही. ‘माझं आहे’ म्हणायचं नाही, ‘माझं नाही’ हे तर मुळीच नाही. कारण एकदा ‘माझं नाही’ म्हटलं, की पुढच्या वेळचं गप्प बसणं म्हणजेच ‘माझं आहे’. मग चकवा कसला नि परीक्षा कसली!

या कामाआधी वहिनी नाटकांना आवाज पुरवायच्या. पत्रा हलवून गडगडाट, करवंट्या आपटून घोडा. नणंदेने त्यांना इथे आणलं. पहिल्याच दिवशी तिने सवयीने ‘वहिनी’ अशी हाक मारली आणि सबंध इमारतीने तेच नाव उचललं. वयाने सासरे शोभतील असे संचालकसुद्धा ‘वहिनी’च म्हणायचे.

आणि ही नणंद म्हणजेच दिवसपाळीची प्रमुख. इमारतीत सगळ्यांची मॅडम, घरी बारकी.

गेल्या खेपेला बारकी वहिनींच्या चकव्याला फसली होती. साधीसुधी नाही, उभं राहून टाळ्या वाजवत फसली होती. संचालकांनी तिला खोलीत बोलावून शांतपणे सांगितलं, की पुन्हा असं झालं तर पाळीची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाईल. त्या रात्री घरी बारकी कुणाशी बोलली नाही. वहिनींनी वाढलेलं मात्र निमूट जेवली. वहिनींना ते निमूट जेवणंच जास्त लागलं. त्यापेक्षा ताट सरकवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी वहिनी नियंत्रण कक्षात गेल्या त्या केवळ चष्म्यासाठी. बारकी चष्मा घरी विसरून आली होती, आणि तो पर्समध्ये घालून आणल्याचं वहिनींना दुपारी आठवलं.

दार ढकललं तर आत सगळे उभे. ऑपरेटर बाई थाळी फिरवण्याच्या पटलावर ओणवलेल्या, बारकी पडद्याला नाक लावून, आणि गणिती, म्हणजे शक्यतांचा हिशोब करणारा जाडजूड, वाचाळ गृहस्थ, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

वहिनींना पाहताच त्याने हात खाली सोडले.

“झालं! वहिनी आल्या. बसा सगळे खाली. आपलं नशीब कसलं!”

“मी चष्मा द्यायला आलेय,” वहिनी म्हणाल्या.

“हो, हो. मागच्या वेळी छत्री न्यायला आला होतात. ऊन किती कडकडीत पडलं होतं हो त्या दिवशी!”

ऑपरेटर बाई खुदकन हसल्या. बारकी हसली नाही. तिने चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि वहिनींच्या चेहऱ्याकडे असं रोखून पाहिलं, जसं मघापासून ती पडद्याकडे पाहत होती.

पडद्यावर काय आहे ते वहिनींना तेव्हा दिसलं. एक तिरपी, वाकडी रेघ. वरचे सूर आधी आलेले, खालचे मागून रेंगाळत. फार लांबून, ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून वाट काढत आलेली लहर अशीच दिसते. तिच्याखाली तशीच दुसरी. तिसरी. काही मिनिटांच्या अंतराने एकेक ठोका. आणि प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा जरा फिका.

आज वहिनींनी काहीही सोडलं नव्हतं.

“थाळी जरा बाजूला घ्या,” बारकी म्हणाली. बाईंनी थाळी वळवली. पुढच्या ठोक्याची वेळ आली, गेली. पडदा कोरा. “आता परत जागेवर.” थाळी परत आली, आणि ठरल्या वेळी रेघ उमटली.

“म्हणजे आकाशातूनच येतंय,” बाई म्हणाल्या.

“चकवाही थाळीबरोबर लपतो आणि दिसतो,” गणिती म्हणाला. “वहिनींनीच शिकवलंय त्याला. काय वहिनी? लेकरू गुणाचं आहे अगदी.”

वहिनींनी शाल खांद्यावर ओढली. बोलायचं नव्हतंच. पण त्यांना आता एका वेगळ्याच शंकेने घेरलं. असाच एक मंद, ठोक्याठोक्याने विझत जाणारा चकवा त्या गेले काही दिवस घडवत होत्या. अर्धवट होता, कुलपात होता. पण चुकून सुटला असेल तर? घाईत त्यांचंच बोट कुठे लागलं असेल तर? आपलंच पोर दारात उभं राहून परक्यासारखं ओरडत असेल, आणि आपल्याला ओळखू येत नसेल?

खात्री करायची तर आपल्या खोलीत जायला हवं. इथून उठलं तरी लोक अर्थ काढणार, बसलं तरी काढणार.

“मी जरा आलेच,” त्या म्हणाल्या.

“या, या. मंत्र कमी पडला वाटतं,” गणिती मागून म्हणाला.

व्हरांड्यातून त्या चालल्या, धावल्या नाहीत. धावणं काचेतून दिसलं असतं. खोलीत शिरून दार लावलं, कुलूप उघडलं, पडदा जागा केला. चकवा तिथेच होता. अर्धवट, न सोडलेला, कोशातल्या किड्यासारखा निपचित. बाहेर जाण्याची वाट बंद. वहिनींनी दोनदा पाहिलं, मग खुर्चीची पाठ धरून तिसऱ्यांदा पाहिलं.

म्हणजे ते वरचं खरं होतं. कुणी तरी, काही तरी, कल्पना करवत नाही इतक्या लांबून, शेवटचे ठोके देत होतं, आणि खाली तीन माणसं त्यातली खोट शोधत होती.

त्या परत आल्या तोवर ठोके आणखी फिके झाले होते. खिडकीतून थाळी दिसत होती, पश्चिमेकडे फार झुकलेली.

“अजून थोडी खाली जाईल, मग अडेल,” ऑपरेटर बाई म्हणाल्या. “मॅडम, आपल्याकडून हा तारा मावळतोय. पश्चिमेकडच्यांना अजून बराच वेळ दिसेल. पण त्यांना कळवलं तर.”

“ठाऊक आहे मला.”

“आणि हे असंच विझत गेलं, तर त्यांनाही—”

“ठाऊक आहे म्हटलं ना, बाई.”

बारकीने खुर्ची ओढली आणि नव्याने शोधायला बसली. ठोक्यांमधलं अंतर तपासलं. वीजपुरवठ्याच्या कंपनांशी जुळतं का? नाही. वरच्या सुरांची कड फार स्वच्छ कापलेली आहे का? नाही, हवी तशी खरबरीत. मागच्या चकव्यात खोट होती ती दोन ठोक्यांमधल्या गोंगाटात. एक तुकडा उचलून दोनदा चिकटवलेला. बारकीने आता गोंगाट धान्य निवडावं तसा निवडला. एक खडा सापडेना.

“छान केलायस गं या वेळी,” ती मान न वळवता म्हणाली. आवाजात राग नव्हता. कौतुकच होतं, आणि ते वहिनींच्या काळजात सुरीसारखं गेलं. “खरंच. मागचा यापुढे पोरखेळ होता. कुठे ठेवलीयस?”

वहिनींनी नजर पडद्यावरच ठेवली.

“बघा, बघा, चेहरा बघा,” गणिती म्हणाला. “अगदी साधूचा! माझं ऐका मॅडम, जाहीर करा ‘आकाशातलं नाही’ आणि मोकळ्या व्हा. वहिनी खोलीत बसल्या असताना खरा ठोका येण्याची शक्यता किती, सांगू का काढून?”

“खोट सापडल्याशिवाय कसं जाहीर करू?”

“खोट समोर बसलीय की, शाल पांघरून!”

यावर कुणी हसलं नाही. पुढचा ठोका आला. इतका फिका, की बाईंनी बोट दाखवलं तेव्हा दिसला.

वहिनी हिशोब करत होत्या, पण आकड्यांचा नव्हे. गप्प राहिलं तर बारकी नाही म्हणेल, आणि उद्या कुलपातला चकवा दाखवून मला सांगावं लागेल की ते खरं होतं. मग किल्ली जाईलच, वर आयुष्यभराची रुखरुख. किंवा ती कळ दाबेल, स्वतःच्या हिमतीवर. मग ते तिचं असेल, बावनकशी, मागची सगळी थट्टा धुऊन निघेल. आणि मी बोलले तर? तारा वाचेल. म्हणजे वाचणार तो नाहीच, पण मरताना कुणी तरी बघेल. बारकीचं मात्र काहीच उरणार नाही. वहिनींनी कानात सांगितलेली प्रमुख!

पाठमोऱ्या बारकीचा उजवा हात टेबलाखाली गेलेला त्यांना दिसत होता. काय करतेय ते दिसत नव्हतं. लाल झाकण तिकडेच होतं, पण बारकीची मांडीही तिकडेच होती, आणि घाबरली की ती मांडीवरचं कापड चुरगळत बसते, हे वहिनींना लग्न होऊन घरात आल्या दिवसापासून माहीत होतं.

“अजून दोन ठोके बघू,” बारकी म्हणाली.

“दोन येणार नाहीत,” बाई हळूच म्हणाल्या. “थाळी टेकली.”

वहिनी वाट पाहत होत्या. दाब, बारके. दाब गं. देवाशपथ दाब. बारकी चष्मा सावरून पुन्हा त्याच गोंगाटात शिरली, तोच तुकडा पुन्हा मोठा करू लागली. ती आकाश बघतच नव्हती. ती वहिनींना बघत होती, वहिनींचा हात, वहिनींची शिवण.

“माझं नाही,” वहिनी म्हणाल्या.

कुणाला आधी कळलंच नाही.

“बारके, ते माझं नाही. माझं कुलपात आहे, आत्ताच बघून आले. दाब!”

खटकन झाकण उघडल्याचा आवाज आला, की ते आधीच उघडं होतं आणि आवाज नुसता कळीचा होता, हे वहिनींना नक्की सांगता आलं नसतं. पडद्यावर ठळक अक्षरं आली नाहीत. हाक गेली.

मग फोन सुरू झाले. पश्चिमेकडच्या वेधशाळेने आधी दोन प्रश्न विचारले, मग एकही नाही. नुसतं “वळतोय” म्हणाले. ऑपरेटर बाई उभ्याच होत्या. थाळीच्या अगदी काठावर त्यांना आणखी एक ठोका मिळाला, किंवा मिळाल्यासारखं वाटलं. चहा कुणी तरी करून ठेवला, तो निवला. आणि मग तिकडून निरोप आला: दिसतंय, फार अंधूक आहे पण दिसतंय, त्याच जागी आहे. गणितीने तो निवलेला चहा एका घोटात संपवला.

बारकी मात्र शोधाची पहिली टिपणी लिहायला बसली होती. अशी टिपणी तासाभरात जगापुढे जाते. वहिनी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

“हात झाकणावर होता माझा,” बारकी पडद्याकडे बघत म्हणाली.

“दाबणार होतीस?”

“ते आता कुणाला कळणार, वहिनी? मला तरी कळणार का?”

वहिनींनी तिच्या खांद्याकडे नेलेला हात मागे घेतला. बारकी लिहीत राहिली. जागा, वेळ, ठोक्यांचं अंतर. मग एक ओळ तिने सावकाश, एकेक शब्द तोलत लिहिली: ‘हाक देण्यापूर्वी हा चकवा नसल्याचं पाळीप्रमुखांना सांगण्यात आलं होतं, निर्णय स्वतंत्र नव्हता.’

“बरोबर आहे ना?” तिने विचारलं.

“ही ओळ घालायलाच हवी का गं?”

“बरोबर आहे का ते सांग.”

“बरोबर आहे.”

टिपणी गेली. संचालकांचा फोन आला. त्यांनी बारकीचं अभिनंदन केलं, मग ती ओळ वाचली असावी, कारण बराच वेळ बारकी नुसतं “हो सर, हो सर” म्हणत होती. शेवटी तिने फोन वहिनींपुढे धरला. संचालक चिडलेले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, “वहिनी, तुम्ही केलंत ते मीही केलं असतं. पण आता तुमचे चकवे इथे चालायचे नाहीत. तुम्ही गप्प बसलात की पोरं खोट शोधायचीच नाहीत, तुमचं तोंड बघतील.” वहिनी म्हणाल्या, “कळतं मला.” किल्लीचं पुढे बघू म्हणाले. हे ‘बघू’ कुठल्या बाजूला झुकेल ते त्यांनी सांगितलं नाही.

पाळी बदलली. दोघी फाटकापर्यंत चालत गेल्या, रोजच्यासारख्या शेजारी शेजारी, पण मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. फाटकाच्या मोटरीने नेहमीप्रमाणे कुरकुर केली.

“घरी तुझ्या दादाला कसं सांगायचं?” वहिनींनी विचारलं. “माझं काम गेलं, तुझंही अर्धं लटकलंय.”

“मी सांगेन.” बारकीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल होते. “तू मधे तोंड घालू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.”

गप्प बसण्याचाच पगार घेणाऱ्या वहिनींना कुणी जन्मात असा टोमणा मारला नसेल. वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, “बरं,” आणि तिच्या मागून फाटकाबाहेर पडल्या.