पडलं तर पडू दे

“पडलं तर पडू दे. झेलायला जाऊ नकोस.”

ऑरविल नीमी हे सांगायचा तेव्हा आवाज चढवायचा नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसं बोलायचा. हातातून निसटलेलं पिस्तूल जमिनीवर आपटलं तर फार फार तर ओरखडा उठतो. पण धडपडून झेलणाऱ्या हाताचं बोट नेमकं चापावर जाऊन बसतं. शेरीफच्या खात्यात जो कोणी भरती झाला त्याने हे वाक्य ऐकलंच. आधी ऑरविलकडून, आणि नेमबाजी शिकवायच्या मैदानाची शिट्टी सॉल्वेग ट्वेटनच्या गळ्यात आल्यापासून तिच्याकडून.

ऑरविलने शिट्टी उतरवली ती कान गेले म्हणून, असं सगळे समजत होते. खरं कारण त्याने सॉल्वेगला एकटीलाच सांगितलं होतं, चर्चच्या तळघरात, एका मयतानंतर कॉफीचे पेले विसळताना. आदल्या दिवशी त्याचाच हात पडत्या पिस्तुलामागे गेला होता. “डोक्याला पाठ असून उपयोग नाही पोरी. हात विसरला की शिकवणं थांबवायचं. तुझ्यावर ती वेळ आली तर तूही थांबशील, वचन दे.” तिने साबणाच्या ओल्या हातानेच वचन दिलं. या वसंतात ऑरविल गेला. ते वचन ठाऊक असलेलं माणूस आता पृथ्वीवर दुसरं नव्हतं.

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आधीची ती सकाळ होती. खडीच्या जुन्या खाणीतलं मैदान रात्रीच्या भुरभुर बर्फाने पांढरं झालं होतं. लाकडी टेबलावर नवं पिस्तूल ठेवलेलं. कंपनीने चाचणीपुरतं दिलेलं, तेलाचा वास अजून न गेलेलं. शेरीफ लायल ब्रॅकेटला ते घ्यायचं होतं. जुन्या पिस्तुलाचा चाप लांब आणि जड. ओढता ओढता नळी खाली झुकायची. खात्यातल्या रॉक्सी बोल्यूची बोटं आखूड, तिला तर चापापर्यंत पोचायलाच मूठ वाकडी करावी लागे. नव्या पिस्तुलाची मूठ हाताच्या मापाची बसवता येत होती. रॉक्सीने पहिल्याच फैरीत सगळी भोकं तळहाताएवढ्या जागेत पाडली आणि कितीतरी वेळ निशाणाच्या त्या कागदाकडे नुसती बघत राहिली.

सगळ्यांचं मत झालं होतं. राहिलं होतं सॉल्वेगचं. तिने होय म्हटलं की खातं हेच पिस्तूल कमरेला लावणार, हे लायलने आधीच सांगून टाकलं होतं.

तिने ते रिकामं करून दोनदा तपासलं, गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे रोखलं आणि डोळे मिटून चाप दाबला. आधी थोडी मोकळी चाल, अगदी हलकी. मग एक आडकाठी. या धंद्यातले लोक तिला भिंत म्हणतात. भिंतीवर जोर वाढवला की छपराच्या कडेचा बर्फाचा सुळका मोडावा तसा चाप सुटतो. बोट सैल केलं की परतीची बारीक टिक. सगळं स्वच्छ होतं. तिचा जीव अडकला होता तो त्या मोकळ्या चालीपाशी. गारठलेल्या, घाबरलेल्या बोटाला ती कळणार तरी का? आणि नाही कळली, तर पुढची भिंत पुरेशी टणक आहे का?

“अगं, घोडा विकत घेतेयस का?” लायल मागून म्हणाला. “दातही बघून घे म्हणजे झालं.”

“बघणारच आहे,” ती म्हणाली.

शेवटची कसोटी जखमी हाताची. उजवा हात गोळी लागून निकामी झाला असं समजून तो छातीशी धरायचा आणि सगळं डाव्याने करायचं. रॉक्सी डावीकडे घड्याळ घेऊन उभी राहिली. सॉल्वेगने पिस्तूल दोन गुडघ्यांत दाबून गोळ्यांचं मॅगझिन भरलं, नेम धरायची मागची खाच कमरपट्ट्याला अडकवून स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली. गोळी नळीत चढली. तिने हात वर उचलला आणि गारठलेल्या बोटांतून पिस्तूल निसटलं.

निकामी ठरलेला उजवा हात छातीवरून सुटला आणि त्याने ते गुडघ्यापाशी हवेत झेललं.

“हे बघा!” मागून कोणीतरी टाळी वाजवली. लायल हसत म्हणाला, कंपनीचं पिस्तूल वाचवलंस, नाहीतर ओरखड्याचं बिल माझ्या नावावर आलं असतं. रॉक्सी घड्याळाकडेच बघत होती. तिने फक्त काटा थांबवला.

सॉल्वेग मात्र तशीच वाकून उभी होती. तिचं बोट चापावर होतं. मोकळी चाल कधी संपली ते तिला कळलंही नव्हतं. बोट भिंतीला टेकून थांबलेलं, आणि नळीचं तोंड रॉक्सीच्या पोटरीकडे.

तिने बोट काढलं, नळी बांधाकडे वळवली, गोळी बाहेर काढली. गोळी बर्फात पडली. पिस्तूल उघडं करून टेबलावर ठेवलं. तिने मनातल्या मनात प्रभूचं नाव घेतलं.

दुपारच्या सुट्टीत सगळे गाड्यांच्या आडोशाला बसून सँडविच खाऊ लागले. लायल थर्मास घेऊन तिच्याजवळ आला.

“मग? होय की नाही?”

नुसतं होय म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. बाकीचं कोणी पाहिलंही नव्हतं. पण ती भिंत टणक आहे हे तिला कशावरून कळलं, असं त्याने विचारलं असतं. आणि नसतं विचारलं तरी ते सांगितल्याशिवाय तिचा होय अर्धाच राहिला असता.

“पिस्तूल चांगलं आहे,” ती म्हणाली. “मोकळी चाल हलकी आहे, ती बोटाला कळत नाही. पण भिंत खरी आहे. मघाशी मी झेललं ना, तेव्हा माझं बोट आत होतं. भिंतीपर्यंत गेलं आणि थांबलं. नळी रॉक्सीच्या पायाकडे होती.”

लायलचा पेला ओठांपर्यंत जाऊन थांबला. “देवा. सॉल्वेग, झालं का काही? नाही ना. मग?”

“पिस्तूल पास झालं, लायल. मी नाही.”

तो बराच वेळ तिची समजूत घालत राहिला. थंडी होती, वय काही झालेलं नाही, हिवाळा तोंडावर आणि नवं पिस्तूल सगळ्यांना शिकवायचंय. एका झेलापायी कोणी काम सोडतं का? आणि हे कोणाला कळणार आहे?

“माझ्या हाताला कळलंय,” ती म्हणाली. “आणि मी दुसरं काही शिकवत नाही, माझा हातच शिकवते.”

लायलने कॉफी बर्फावर ओतून टाकली. मग खालच्या आवाजात विचारलं, “शिट्टी कोणाला?”

तिने पलीकडे पाहिलं. खाणीच्या पलीकडच्या टोकाला रॉक्सी एकटीच लाकडी चौकटीवरून कागद उतरवत होती. पिन एकेक काढून दातांत धरत होती. सॉल्वेगने टोपी काढली, शिट्टीची दोरी डोक्यावरून सोडवली. इतक्या वर्षांची सवय, मान एकदम उघडी वाटली. पितळ अंगाच्या उबेने कोमट होतं. ते गार व्हायच्या आत पोचावं म्हणून तिने मूठ मिटली, आणि भुरभुर बर्फावरून रॉक्सीकडे चालू लागली.