निळ्या शर्टाचं बुजगावणं

धारगळला एल्साआज्जींच्या घराचा पाया घातला तेव्हाच मी म्हणालो, "एखादा जुना फाटका शर्ट द्या. बुजगावणं करून वर बांधतो, घराला नजर लागणार नाही."

आज्जींनी इस्त्रीचा निळा शर्ट आणला. मी डाफरलो, "एवढा चांगला कशाला?"

"कृष्णनाथनं वास्तुशांतीला घालायला घेतला होता."

आज्जींचे नवरे कृष्णनाथ इथलेच. बोटीवर नोकरी धरली, जर्मनीत लग्न करून राहिले. निवृत्त झाल्यावर दोघं गावी घर बांधणार होते. गेल्या वर्षी ते तिकडेच वारले, म्हणून आज्जी एकट्याच आल्या.

मी शर्टात गवत भरून बुजगावणं उंच बांबूवर बांधलं. रोज सकाळी आज्जी अंगणात चहा घेऊन बसायच्या आणि खिडक्यांचा रंगसुद्धा त्याला विचारायच्या.

काल घर पुरं झालं. काम संपलं की बुजगावणं उतरवून जाळायचं, ही आमची रीत. मी शिडी लावली. आज्जी शेजारी येऊन निळ्या शर्टाकडे बघत उभ्या राहिल्या.

या धोंडिबा गवंड्यानं तीस वर्षांत एकही काम अर्धवट सोडलेलं नाही. मी तरातरा मागच्या भिंतीकडे गेलो आणि हातभर गिलावा खरवडून काढला.

"गिलावा राहिलाय, आज्जी!" मी खेकसलो. "काम पुरं झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही."