चिक्कीचं दार

प्रमोदिनीने गुळाचा पाक बोटाने चाचपला आणि शंकरपाळ्याची पहिली वीट परातीत चिकटवली.

"हात चालव. पाक घट्ट झाला की वीट बसत न्हाई."

अकरा वर्षांची वैष्णवी मांडी घालून हडप्पा बांधायला बसली. रविवारची दुपार मायलेकींच्या इतिहासाची. मागच्या रविवारी त्यांनी कणकेच्या चकत्यांवर काडीने लिपी कोरून त्या तव्यावर भाजल्या होत्या. नियम एकच होता, धडा संपला की तो खाऊन टाकायचा. प्रमोदिनी स्वतः मात्र कधी त्यातला तुकडाही तोंडात घालत नसे.

"काय करायलात मायलेकी?" अनंतरावांनी दारातून विचारलं. ते लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत आणि घरातही फळ्यापुढे उभे असल्यासारखे बोलत. "जूनपासून हिची फाउंडेशन बॅच हाय. मग कुठला आलाय हडप्पा!"

"बाबा, त्यांच्या घराघरात विहीर होती. आपल्या नळाला दहा दिवसांनी पाणी येतं."

अनंतरावांनी हसत नगराची एक वीट तोंडात टाकली आणि ते क्लासला निघून गेले.

गल्ल्या झाल्या, वाटीची विहीर झाली. वैष्णवीने घराघरात फुटाणे ठेवले. ती तिथली माणसं. शेवटच्या घराला प्रमोदिनीने चिक्कीचा चौकोनी तुकडा दार म्हणून लावला आणि उरलेला सगळा पाक त्याच्या बुडाशी ओतला. एवढा कशाला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"आई, ही माणसं गेली कुठं?"

"नदी आटली असंल. नक्की कुणालाच ठाऊक न्हाई."

"भूकंप झाला असंल!" म्हणत वैष्णवीने परात दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली.

भिंती आत कोसळल्या. फुटाणे विटांखाली गेले. चिक्कीचं दार तेवढं उभं राहिलं.

"दार बघ की, आई!"

वैष्णवीने टाळ्या पिटल्या, आणि मग तिचं आईकडे लक्ष गेलं. प्रमोदिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. किल्लारीजवळच्या गावात आईचा धाकटा भाऊ मुकुल भूकंपात गेला, एवढंच वैष्णवीला ठाऊक होतं. त्याचा विषय घरात निघत नसे.

"आई, काय झालं?"

"मुकुल विसर्जनाला येतो म्हणून रडत होता," प्रमोदिनी दाराकडे बघत म्हणाली. "मी तुझ्याएवढी. त्याला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली अन् पळाले. रात्री आले ते आई-आप्पांजवळ अंगणातच निजले. त्यांना वाटलं, तो आत निजलाय. कडी काढायची राहिली."

वैष्णवी आईजवळ सरकली.

"पहाटं भिंती पडल्या. दार तसंच उभं होतं. कडी लावलेली."

बावीस वर्षांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही. आता सांगून झालं तशी तिला लेकीच्या तोंडाकडे बघायची भीती वाटली.

वैष्णवी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. घर विकत घेतल्यावर आईने सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या काढून टाकल्या होत्या. बाबा त्यावरून अजून तिची थट्टा करत. स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली होती.

वैष्णवी परातीवर वाकली. पडलेल्या विटा एकेक करून बाजूला ठेवत तिने दारामागचा फुटाणा शोधला आणि आईच्या तळहातावर ठेवला. मग चिक्कीचं दार उपटायला लागली. ते निघेना. शेवटी तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तसं ते मधोमध मोडलं.

"अर्धं तू खा."

"मी न्हाई खात, बाळा."

"नियम हाय."

प्रमोदिनीने तुकडा तोंडात घातला. चिक्की कडक होती, लवकर चावली जाईना. ती संपेपर्यंत वैष्णवी तिच्यासमोर बसून राहिली.