चौथ्या दिवसाची नोंद

तिने नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, आणि लाल चौकोन फुटून त्याच्या रेघा झाल्या.

अकरा बोटींच्या अकरा रेघा. उत्तरेकडून दक्षिणेकडे, वळून पुन्हा उत्तरेकडे. एकीला लागून दुसरी, विणकामासारखी दाट. वेग तीन नॉट. या वेगाने, अशा रेघांत बोट चालली की तळाशी जाळं ओढणं सुरू आहे असं समजायचं, हे संगणकावरच्या मॉडेलला तिनेच शिकवलं होतं, आणि ते आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं शिकलं होतं. चार दिवस, अकरा बोटी, तासन्‌तास जाळं पाण्यात. आणि धक्क्यावर उतरलेली मासळी शून्य. इतक्या ओढीला काहीच लागत नसेल तर समुद्राच्या त्या तुकड्यात काही उरलेलंच नाही. म्हणून चौकोन क्रमांक सत्तेचाळीस लाल. म्हणून तिथे पाच वर्षं मासेमारी बंद. मत्स्य विभागाच्या आदेशाचा मसुदा तिच्या टेबलावर पडला होता. सुनावणी परवा होती.

मग तिने तारीख पाहिली.

महिन्याच्या बेरजेत तारखा दिसत नाहीत. तिने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. पंख्याच्या प्रत्येक फेरीला भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याचा कोपरा उठत होता आणि पुन्हा बसत होता.

चौदा महिन्यांपूर्वी, याच चार दिवसांत, दादाला शोधलं होतं. बाबांच्या बोटीवर अडकलेला दोर सोडवताना तो पाण्यात गेला आणि वर आला नाही. धक्क्यावरच्या साऱ्या बोटी हातातलं काम टाकून सत्तेचाळीसमध्ये गेल्या होत्या. शोधणाऱ्या बोटीही सावकाश जातात, शेजारी शेजारी रेघा मारतात. मॉडेलला शोधणं शिकवायचं राहून गेलं होतं.

साधी, दुरुस्त होणारी चूक. तिला इतकं हायसं वाटलं की तिने साहेबांच्याही आधी घरी फोन केला.

“आई, सत्तेचाळीस उघडेल बहुतेक. दादाला शोधत होते ते दिवस मासेमारीत धरले गेलेत.”

“असं कसं धरतात?”

“माझंच चुकलं. बाबांची एक सही लागेल, त्या दिवसांत जाळं पाण्यात नव्हतं म्हणून.”

“नव्हतंच मुळी. चार दिवस डोळ्यांत तेल घालून पाण्याकडे बघत होती माणसं.” पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. “थांब, त्याचा फोन चार्जिंगला लावते. तुझ्याशी बोलण्याच्या नादात राहून जाईल.”

त्या दिवशी दादा फोन घरीच विसरला होता. आईने तो एकदाही बंद पडू दिला नव्हता.

फॉर्मसोबत चारही दिवसांच्या हालचाली जोडायच्या होत्या, म्हणून तिने त्या एकदा पडद्यावर शेवटपर्यंत चालवून पाहिल्या. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. काळे ठिपके मुकाट्याने रेघा विणत होते. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बाबांची बोट थांबली. साडेदहाला उरलेल्या दहाही बोटींनी आपापल्या रेघा अर्ध्यावर सोडून तोंडं तिच्याकडे वळवली. अकरा वाजता अकरा ठिपक्यांचा मिळून एकच डाग झाला होता. पन्नास मिनिटं तो हलला नाही. मग त्यातून एक लांब ओळ निघाली, बाबांची बोट पुढे, आणि सरळ बंदराला लागली.

चौथ्या दिवशी हवा बिघडली म्हणून परतलो, असं बाबांनी घरी सांगितलं होतं. तिने वाऱ्याचा रकाना पाहिला. जवळपास शून्य. समुद्र त्या सकाळी ताटात ओतलेल्या पाण्यासारखा असणार.

धक्क्यावर ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. शेजारची बोट चालवणाऱ्या तांडेलाने तिला लांबूनच पाहिलं.

“आल्या, सरकार आल्या! अहो, जाळ्याची भोकं मोजायला लेक आलीये तुमची.”

“मोजू दे की,” बाबा मान वर न करता म्हणाले. “तुझ्याकडे आली तर भोकंच मिळतील, जाळं कुठे आहे तुझ्याकडे?”

ते एका दोराचे पीळ दुसऱ्यात गुंफत बसले होते. त्यांच्या डोक्यावर, केबिनच्या छतावर, बोटीचा ठावठिकाणा दर दहा मिनिटांनी कळवणारी पांढरी डबी होती. साऱ्या धक्क्याने तिचं नाव चुगलखोर ठेवलं होतं. ती बसवण्याचा आदेशही लेकीच्याच कार्यालयातून निघाला होता, आणि त्यावरून वर्षभर तिला जेवताना टोमणे ऐकावे लागले होते.

बाबांनी फॉर्म हाताच्या अंतरावर धरून वाचला. दोनदा वाचला.

“जाळं पाण्यात नव्हतं, असं लिहिलंयस.”

“हो.”

“होतं.”

शेजारच्या बोटीवरचा हातोडा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“पहिल्या दिवशी वर शोधलं,” बाबा म्हणाले. “पण तळ काय डोळ्यांनी दिसतो? दुसऱ्या दिवसापासून जाळी सोडली. सगळ्यांनी.”

“मग मासळी?”

“आली ना. इतकी आली की जाळं वर ओढणारा विंच रडायला लागला. दोनशे क्रेट तरी असतील, जास्तच. दुसऱ्याच कशासाठी हात घालत होतो आम्ही. मासे नुसते बाजूला सारायचो. सगळे परत पाण्यात. ती मासळी धक्क्यावर आणून विकायची का?”

तिच्या डोक्यात आकडे आपसूक आपल्या जागी जाऊन बसले. ओढीचे तास उलट कमी, आणि शून्याच्या जागी दोनशे क्रेट. चौकोन नुसता उघडत नव्हता. तो काठोकाठ भरलेला होता.

“बाबा, हे लिहून दिलंत तरी चालेल. मी मॉडेल पुन्हा चालवते. समुद्राचा तो पट्टा उघडेल.”

“आणि सुनावणीत हे सगळं पडद्यावर दाखवणार?”

“दाखवावं लागतं.”

त्यांनी दोराचा पीळ घट्ट ओढला. तिने थोडा वेळ त्यांच्या हातांकडे पाहिलं.

“चौथ्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, हवा बिघडली होती का हो?”

बाबांनी वर केबिनच्या छताकडे पाहिलं.

“चुगलखोर,” ते हळूच म्हणाले. शेजारच्या बोटीवरचा हातोडा पुन्हा थांबला.

बाबांनी दोर खाली ठेवला. “आणण्यासारखा उरला नव्हता गं. तुझ्या आईने तोंडावरचं कापड काढून पाहिलंच असतं, तिला कोण अडवणार होतं? म्हणून तिथेच, दगड बांधून... अकराही तांडेलांनी हात लावला. आणि घरी कोणी काही बोलायचं नाही असं ठरलं.”

तिने खाली पाहिलं. फळ्यांच्या फटीतून पाणी दिसत होतं, तेलकट, निश्चल.

“पट्टा बंद झाला तर अकरा घरं काय करतील?”

“लांब जाऊ. काही जण बोटी मोडीत काढतील.” त्यांनी कागदाची नीट चार घड्यांत घडी केली आणि तिच्या हातात दिली. “त्याच्यावरून जाळी तरी फिरणार नाहीत.”

सुनावणीला सभागृह भरलं होतं. अकरा तांडेल एका रांगेत, टोप्या मांडीवर. बायका उजवीकडे. साहेबांनी आदेश वाचून दाखवला आणि चष्मा काढत विचारलं, “कुणाची हरकत?”

कोणी हललं नाही. साहेबांना भांडणाची सवय होती. या शांततेने ते किंचित गोंधळले.

“माझी आहे.” आई उभी राहिली होती. “तुमच्या त्या यंत्राला शोधणं आणि मासेमारी यातला फरक कळत नाही. त्या चार दिवसांत माझ्या मुलाला शोधत होते हे लोक. विचारा माझ्या मुलीला.” मग रांगेकडे वळून म्हणाली, “अहो, बोला की! एरवी घरात भिंतींनासुद्धा बोलू देत नाही तुम्ही.”

मागे एक दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. बाबा टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

“खरं आहे का, मॅडम?” साहेबांनी विचारलं. “चालवा बघू ते चार दिवस.”

तिने दिवे मंद करायला सांगितले. पडद्यावर पहिला दिवस उजाडला, मावळला. दुसरा. ठिपके रेघा ओढत राहिले. अकरा तांडेलांपैकी एकही पडद्याकडे पाहत नव्हता. आई मात्र बाकाच्या कडेवर पुढे सरकून बसली होती. तिचे ओठ हलत होते, जणू प्रत्येक फेरी मोजत होती. तिसरा दिवस मावळला. मुलीने कीबोर्डवरची कळ दाबली. पडदा स्थिर झाला.

“चौथा दिवस?”

“चौथ्या दिवसाची नोंद खराब आहे, साहेब.” स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. “वाचता येत नाही. आणि अर्धवट नोंदीवर हरकत टिकत नाही.”

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. “जाळी पाण्यात होती की नव्हती, कोणी लेखी देतंय?”

अकरा टोप्या. एकही हात वर झाला नाही. शेजारच्या बोटीवरचा तांडेल, एरवी तोंडाला कुलूप ठाऊक नसलेला, खिडकीबाहेर बघत होता.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले, आणि सही केली.

माणसं उठली. खुर्च्या सरकल्या. एरवी अशा निर्णयानंतर दारापाशी शिव्या ऐकू यायच्या. आज कोणी तिच्या अंगावर आलं नाही. जाताना एका तांडेलाने तिच्या टेबलावर दोन बोटं क्षणभर टेकवली आणि तो निघून गेला.

आई पडद्यापाशी गेली होती. प्रोजेक्टर अजून चालू होता. तिने हात पुढे केला तशा त्या रेघा तिच्या तळहातावर, मनगटावर चढल्या.

“यातली यांची बोट कोणती?”

“ही. कडेची.”

“केवढं फिरलेत गं बाई.” तिने ती रेघ बोटाने वरपासून खालपर्यंत गिरवली, वळणावर वळली, पुन्हा वर आली. रेघ जिथे संपली तिथे बोट थांबलं. “आता पाच वर्षं इथे कोणीच जाणार नाही?”

“नाही, आई.”

आईने हात पडद्यावरून काढला नाही.

“मग तो दिसला, तर दिसणार कोणाला?”

मुलीने लॅपटॉपचं झाकण लावलं. शेवटच्या बाकावर बाबा अजून बसले होते. त्यांनी टोपी उचलली, आणि पुन्हा मांडीवर ठेवली.