ओदेतच्या शेळ्या

“आमच्या बाजारातील भावाची पाटी खोटे बोलत नाही,” असे वालफ्लोरी नगरपालिकेने निवेदनात म्हटले, आणि त्याच आधारावर निष्कर्ष काढला की गावजेवणात ज्या चीजने लोकांची पोटे बिघडली, ते ओदेत रुकेत या वृद्धेनेच बनवले होते. पाटीवर तसे लिहिले होते.

या निष्कर्षाला एक किरकोळ अडचण होती. ओदेतबाईंनी शेळ्या केव्हाच विकल्या होत्या. लिलाव चर्चसमोर, भरदिवसा झाला. बोकड खुद्द उपनगराध्यक्षांनी घेतला. तरीही गावजेवणाला चीज पुरवणाऱ्या गास्पार तेव्हनोच्या दुकानात चीजमध्ये खोचलेली काळी पाटी जागची हलली नाही: ‘ओदेतच्या शेळ्यांचे, डोंगरावरचे’, शेजारी खडूने काढलेली हसरी शेळी, खाली शंभर ग्रॅमचा भाव, कारण किलोचा आकडा रसभंग करतो. पर्यटक तिचे फोटो काढत. पालिकेने तिला सुंदर पाटीचे बक्षीस दिले. दुकानदाराने भाव उघड लिहावा ही सक्ती मुळात त्याच्यावरच्या अविश्वासातून आली. वळणदार अक्षराने त्या अविश्वासाचे भक्तीत रूपांतर केले, ही आम्हा फ्रेंचांची खरी कामगिरी.

ओदेतबाई दुकानात आल्या तेव्हा मी रांगेत होतो.

“गास्पार, माझं नाव काढ तिथून.”

“असं काय करता बाई? लोक किती प्रेमानं वाचतात.”

“प्रेमानं? काल पाववालीनं माझ्या हातचे पैसे घेतले आणि हात पुसले. जन्मभर चीज केलं, कुणाचं पोट दुखलं नाही. आता दारात शेळी नाही, तर म्हणे मी गाव आजारी पाडलं.”

“जरा दमानं घ्या. सुट्ट्यांचा हंगाम तेवढा जाऊ दे.”

“तुझा हंगाम जाईपर्यंत मीच जाईन की रे.”

मागून एका पर्यटक बाईंनी ही पाटी विकत मिळेल का, असे विचारले.

“पाटी नाही मिळायची,” गास्पार म्हणाला. “चीज देतो.”

ओदेतबाईंनी तक्रार केली आणि पालिकेला चौकशी बसवावी लागली. शेळ्या नाहीत याला पुरावा काय, असे नगराध्यक्षांनी ओदेतबाईंनाच विचारले.

“पुरावा तुमच्या शेजारी बसलाय, साहेब. त्यांना विचारा, बोकड कसा आहे.”

“बरा आहे,” उपनगराध्यक्ष पुटपुटले, आणि लेखनिकाने ते इमानाने टिपून घेतले.

मग जिल्ह्याहून आलेल्या अन्न निरीक्षक बाईंनी गास्पारला विचारले, चीज कुठले आणि पाटीवर ओदेतबाईंचे नाव कशासाठी राहू दिले. त्याचे उत्तर इतिवृत्तात आहे तसेच देतो:

“चीज कारखान्यातलं, खोक्यातून यायचं. भाव मी दर सोमवारी पुसून नवा लिहीत होतो. नाव पुसलं नाही, कारण खपत तेच होतं. आणि ओदेतबाईंना आता नाव लागणार तरी कशाला, असं मला वाटलं.”