तेजीनाथांची अचूक पत्रं

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला वाचनालयाच्या वरच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. घडीच्या खुर्च्या संपल्या, खिडक्यांचे कट्टे भरले, तरी लोक येतच होते. पहिल्या रांगेत दहा जण बसले होते. वर्गात पहिल्या आलेल्याकडे नापासांनी बघावं तसे बाकीचे त्यांच्याकडे बघत होते. दहाही जणांच्या मांडीवर सहा-सहा हिरवे लिफाफे. दंतवैद्यांनी तर आपले चक्क लॅमिनेट करून आणले होते.

"सहाच्या सहा!" ते दर दोन मिनिटांनी मागे वळून सांगत होते. "सोमवारी पत्र हातात, शुक्रवारी खरं!"

पत्रात एकच ओळ असायची. अमुक सिमेंट कंपनीचा शेअर या आठवड्यात 'चढेल', नाहीतर 'उतरेल'. खाली सही, तेजीनाथ. मागणी काही नाही, वर्गणी नाही. फोनवरचा निरोप मागाहून बदलता येतो, म्हणून हा महात्मा मुद्दाम टपालाने भविष्य धाडायचा. लिफाफ्यावर आदल्या शनिवारची तारीख ठसठशीत उमटलेली. शंकेखोरांची तोंडं त्या शिक्क्यानेच बंद केली होती.

तो शिक्का मारणारी बाई शेवटच्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. टपाल कचेरीतल्या तिच्या कामावरून सगळे तिला शिक्केबाई म्हणत. पहिल्या रांगेतल्या दहांत तिची सख्खी मोठी बहीण होती.

ताई इस्पितळात चौतीस वर्षं नर्स होती. निवृत्तीची सगळी पुंजी आज सभेला येणाऱ्या तेजीनाथांच्या हाती गुंतवायला सोपवायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. चेक सही करून पर्समध्ये तयार होता. गुडघ्यांचं ऑपरेशनही तिने पुढं ढकललं होतं. आधी पैसे दुप्पट होऊ देत, मग दोन्ही गुडघे एकदमच करू, असा तिचा बेत. शिक्केबाईने चार दिवस डोकं फोडून पाहिलं.

"अगं, कोण कुठला माणूस, त्याला आयुष्यभराची कमाई देतेस?"

"त्या लिफाफ्यांवर शिक्का कुणाचा आहे? तुझाच ना?" ताई फणकारली होती. "तेजीनाथबाबांवर नको ठेवूस, स्वतःच्या हातावर तरी विश्वास ठेव!"

शिक्का तर खराच होता.

शिक्केबाईला शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मनगटाला कळत होतं. हे जाड हिरवे लिफाफे यंत्रात अडकत, म्हणून हातानेच ठोकावे लागत. पहिल्या शनिवारी सहाशे चाळीस आले. संध्याकाळी तिने हात गरम पाण्यात बुडवून ठेवला आणि तेजीनाथांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या शनिवारी तीनशे वीस आले. तिसऱ्याला एकशे साठ. पुढे ऐंशी, चाळीस, आणि सहाव्या शनिवारी अवघे वीस. ते तर तिने चहा निवायच्या आत उरकले.

तिथे तिला खटकलं. ज्याचं भविष्य दर आठवड्याला खरं ठरतं त्याचे भक्त वाढायला हवेत. इथे तर दर शनिवारी निम्मे गळत होते!

दुसऱ्याचं पत्र उघडणं गुन्हा आहे. विचारणं नाही. मग तिकीट घ्यायला खिडकीशी येईल त्याला ती विचारू लागली, "तुम्हाला कधी हिरवा लिफाफा आला होता का हो?"

"आला होता एक. 'उतरेल' म्हणे. चढला मेला. दिला टाकून."

"दोन आले. दुसरा चुकला, मग बंदच झाले. पियानोच्या पायाखाली घातलाय, हलत होता."

चांभार म्हणाला, "माझा बुटाच्या टोकात कोंबलाय. आकार मस्त राहतो. आणू?"

"आण," शिक्केबाई म्हणाली. "आणि रविवारी तूही ये."

एवढ्यात सभागृहात टाळ्या कडाडल्या. तेजीनाथ आले. राखाडी कोट, भुवयांच्या मध्ये गंभीर आठी, आणि मागे फलक धरलेला टकला शिष्य. फलकावर डोंगरदऱ्यांसारखी एक लाल रेघ.

"ही रेघ नाही," तेजीनाथ डोळे मिटून म्हणाले, "हा बाजाराचा श्वास आहे. लोक भाव बघतात, मी श्वास ऐकतो. मी कुणालाही नफा देत नाही. नफा तुम्हाला शोधत फिरतोय, मी त्याला फक्त तुमचा पत्ता देतो."

सभागृहाने सुस्कारा टाकला. या वाक्याचा अर्थ कुणालाच लागला नव्हता, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. दंतवैद्य चेक फडकावत उठले. मागोमाग गुडघे दाबत ताई उठली.

"ताई, जरा थांब," शिक्केबाई मागून पुढे आली. "तुझं पहिलं पत्र वाच बघू मोठ्याने."

"भरल्या सभेत कसला गं तमाशा?"

"वाच तर."

"'चढेल.' आणि चढलाच!"

शिक्केबाईने पिशवीतून चांभाराचा चुरगळलेला कागद काढला. "याचं वाच. तारीख तीच, शिक्का माझाच, अक्षरही तेच."

ताईने चष्मा सारखा केला. "'उतरेल'..."

शिक्केबाईने पिशवी टेबलावर उपडी केली. पन्नासेक हिरवे लिफाफे पसरले. "पहिल्या शनिवारी सहाशे चाळीस घरांना पत्रं गेली. निम्म्यांना चढेल, निम्म्यांना उतरेल. एक बाजू खरी ठरणारच, एवढं भविष्य माझी मांजरसुद्धा सांगेल. ज्यांचं चुकलं त्यांना पुढचं पत्र नाही. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. सहा शनिवार चाळण हलवली, वर राहिले दहा दाणे. ते तुम्ही!"

तेजीनाथांनी आठी आणखी खोल केली. "अपात्र होते ते. त्यांना मी मुद्दामच उलट लिहिलं. ही चाळण नव्हे बाई, ही निवड आहे!"

आणि नवल बघा, पहिल्या रांगेत चार-पाच माना डोलल्यासुद्धा. आपण निवडक आहोत हे ऐकायला मिळालं की माणूस अक्कल काढून चपलांशेजारी ठेवतो.

"म्हणजे आमच्यात काहीतरी आहेच!" दंतवैद्य म्हणाले.

"बरं, आहे," शिक्केबाईने भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. "मग या आठवड्याचं तिथे लिहा. सगळ्यांना मिळून एकच."

"भविष्य उघड केलं की बाजार बुजतो."

"बाजार कसला बुजतोय," चांभार दारातून म्हणाला, "बाबाच बुजलेत!"

हशा पिकला, पण ताई हसली नाही. ती हातातल्या पत्राकडे बघत राहिली.

"आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डात एक आया होती," ती हळूच म्हणाली. "येईल त्या बाईला छातीठोक सांगायची, मुलगाच होणार. झाला की बाप खूश होऊन तिला बक्षीस द्यायचा. मुलगी झाली तर तिला जाब विचारायला कोण परत येतंय? चौतीस वर्षं मी त्या बापांना हसले गं. आणि आज त्यांच्याच रांगेत उभी राहिले!"

तिने चेकचे चार तुकडे केले.

तेजीनाथांना अचानक दुसऱ्या सभेची आठवण झाली. फलक जिन्यात अडकला तो तसाच टाकून शिष्य पळाला. दंतवैद्य त्यांच्यामागे धावले. फसवणुकीचा जाब विचारायला असेल, असं वाटून चांभारही मागे गेला, तर खालून आवाज आला, "निदान मला तरी खासगीत सांगा हो, सिमेंट घेऊ की विकू?"

जिना उतरताना ताईने विचारलं, "पण आमच्या घरासमोरच्या चष्म्याच्या दुकानवाल्याने शेअरमध्ये खरंच कमावलंय की. त्याला तर कुणी पत्र पाठवलं नव्हतं."

"कमावलं असेल. ज्या दिवशी त्याने एक शेअर घेतला, त्याच दिवशी इतर शंभर जणांनी दुसरे घेतले असतील. बुडाले ते गप्प बसले. तरला तो आता आपल्या हुशारीवर भाषणं देतो. त्यात हुशारी किती आणि नशीब किती, हे त्याला ठाऊक नाही, आणि तुलाही नाही. पैसे गुंतवायचे तर थोडे थोडे, चार ठिकाणी गुंतव. बुडाले तरी घर चालेल एवढेच गुंतव. आणि कुणी आपली बरोबर आलेली भाकितं मांडून बसला, तर आधी त्याला विचार, चुकलेली कुठे ठेवलीत?"