टोपली ठेवायची जागा

आमच्या दीपिकाने आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला कोर्टाची इमारत काढली होती, तीही आमच्या मालवणसाठी. त्या दिवशी बाहेरचे परीक्षक ती बघणार होते आणि त्यांनी नापास केलं तर पोरीचं वर्ष पाण्यात. मी सुदेश, तिचा थोरला भाऊ. देवबागला पर्यटकांची होडी चालवतो. मॉडेल मांडीवर धरून कोल्हापूरला तिच्या कॉलेजपर्यंत मीच आणलं, अख्ख्या घाटात ड्रायव्हरला शिव्या घालत. आईही हट्टाने आली होती.

परीक्षकांनी मॉडेलभोवती फेरी मारली. "हे कोर्ट आहे की बाजार? उंच पायऱ्या नाहीत, मोठे खांब नाहीत. लोकांना न्यायाचा दरारा वाटायला नको?" मग फाटकाजवळच्या, नळ असलेल्या छोट्या खोलीवर बोट ठेवलं. "आणि हे काय?"

"मासळीच्या टोपल्या ठेवायला, सर."

झालं! सगळा हॉल खो खो हसला. माझं असं डोकं फिरलं, की तिची परीक्षा नसती तर एकेकाला इंगा दाखवला असता.

दीपिका मात्र जागची हलली नाही. "आमच्या घराच्या हद्दीची केस होती, सर. आई बाजारातून परस्पर तारखेला गेली. टोपली आत नेता येईना, बाहेर सोडली तर कावळे. ती टोपलीपाशी बसून राहिली आणि आत पुकारा झाला तो तिला ऐकूच आला नाही. पुढची तारीख पडली. म्हणून माझ्या कोर्टाला चारी बाजूंनी पडवी आहे. कुठेही बसा, पुकारा ऐकू येतो."

"कुणा एका बाईसाठी एवढं?"

"माझी आई आहे ती. यमुनाबाई. मासे विकते. ती बघा, मागे उभी आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. मला वाटलं, आई आता लाजून बाहेर पळणार. कसली पळते! पदर खोचून सरळ मॉडेलपाशी गेली आणि पडवीवर बोट टेकवलं. "बाय, हयसर बसलंय तर माझा नाव ऐकाक येतला?"

"येतला गो आये."

परीक्षक वाकले. आईच्या बोटापासून न्यायाधीशांच्या खुर्चीपर्यंत त्यांनी नजर नेली. मग म्हणाले, "पास आहेस, मुली. चांगल्या मार्कांनी."

आईने त्यांना हात जोडले. "पास केलात ता बरा केलात. पण ह्या बांधतलात कधी?"

या वेळी कुणी हसलं नाही. आणि मी, खोटं कशाला बोलू, त्या दोघींकडे बघत अभिमानाने ढसाढसा रडलो.